आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला लागलास, तर आधी दीक्षाभूमी बघ

घुमटाचा फोटो काढून निघू नकोस, आत जा. सांचीचा स्तूप आतून भरीव. त्याच्यावरून प्रेरणा घेतलेला हा मात्र पोकळ, माणसं सामावणारा. बाहेरची तोरणं ओळखीची वाटतील, पण जुना आकार नव्या गरजेसाठी कसा बदलला, ते आत उभं राहिल्यावरच कळतं. माझ्या मते नागपुरात याहून मोठा धडा नाही.

मग महाल भागातले जुने वाडे. परवानगी घेऊन चौकात बस, लाकडी खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडावर, कसा बसवलाय ते टेप लावून मोज आणि तिथंच स्केच कर.

१८६३ सालचा अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, सवडीनं बघ. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शन लागलं की कारागिरांशी बोल, सांधे कसे जोडतात ते विचार.