आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच दुबईला जायचंय, काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी बॅगेतला खाऊ तपासा. यूएईत खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेला घरचा मसाला घरीच राहू द्या. भाकरवडीतही खसखस असते, हे पटकन लक्षात येत नाही. आईला हे नीट समजावून सांगा, नाहीतर प्रेमापोटी एखादी पुडी बॅगेत जातेच.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी न्यायची असेल, तर तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन आधीच काढा. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. 15 जून ते 15 सप्टेंबर भर दुपारी मजुरांनाही उघड्यावर कामाला लावायची कायद्याने मनाई असते. स्वस्त पॅकेज दिसलं तरी त्या दिवसांत वयस्कर माणसांना नेऊ नका. मॉलमध्ये मात्र एसी कडक असतो, शाल जवळ असू द्या.

मेट्रोत पाणी प्यायलं तरी 100 दिरहम दंड होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. संध्याकाळी बर दुबईहून अब्रा, म्हणजे लाकडी होडी, पकडून खाडीपलीकडे देराला जा. भाडं फक्त 1 दिरहम, सुटे जवळ ठेवा. चढताना बाबांचा हात धरा, होडी हलते.