वाचकांचे प्रश्न : ‘ट्विन पीक्स’ नेमकी कुठे घसरली?

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हापासून त्यांच्या ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी रहस्यमालिकेविषयी आमच्याकडे सातत्याने पत्रे येत आहेत. काहींनी ती नव्याने पाहिली, काहींनी पहिल्यांदाच पाहिली, आणि मालिकेचा दर्जा सर्वत्र सारखा का नाही, याविषयी बहुतेकांचे आपापसांत तीव्र मतभेद आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मालिकेची कथा थोडक्यात अशी : ट्विन पीक्स या छोट्या अमेरिकी गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून होतो, आणि केंद्रीय तपास यंत्रणेचा अधिकारी कूपर तपासासाठी तिथे येतो. उत्तरांत खुनी कोण हे उघड सांगितलेले आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी हा मजकूर तूर्त बाजूला ठेवावा.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले भाग तेवढे पाहावेत आणि बाकीचे खुशाल सोडून द्यावेत. मला हे पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. आपले मत काय?
– एक वाचक, सांगली

आपल्या दिरांचा मुद्दा अगदीच निराधार नाही. ८ एप्रिल १९९० ते १० जून १९९१ या काळात एबीसी वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या ३० भागांपैकी लिंच यांनी केवळ ६ भाग दिग्दर्शित केले, आणि चाहत्यांच्या आवडत्या भागांची यादी काढली की त्यांतले बहुतेक तिच्यात असतात. कूपरला स्वप्नात दिसणारी लाल पडद्यांची ती खोली, जिथे नटांनी संवाद उलटे म्हणून पाठ केले आणि चित्रफीत उलटी फिरवून ते सुलटे केले गेले, ती खोली त्यांचीच.

तरीही हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग लिंच यांचा आहे. त्यात गोळी लागून जमिनीवर पडलेल्या कूपरच्या खोलीत एक म्हातारा वेटर दूध घेऊन येतो, आणि जखमी माणसासाठी मदत बोलावण्याऐवजी त्याच्याकडे बघून पुन्हा पुन्हा अंगठा उंचावत राहतो. मला हा प्रसंग अतिशय प्रिय आहे, पण पहिल्या पर्वाच्या शेवटी ताटकळत ठेवलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांचा संयम त्याच भागाने संपवला, हेही खरे. उलट, लॉराचा बाप आणि तिचा खुनी असलेल्या लेलंड पामरचा कोठडीत मृत्यू होतो तो भाग टिम हंटर यांनी दिग्दर्शित केला आहे. आगीच्या वेळी आपोआप सुरू होणारे छतावरचे फवारे कोसळत असतात, भिजलेला कूपर मरणाऱ्या खुन्याचे डोके मांडीवर घेऊन बसतो आणि त्याला हळू आवाजात प्रकाशाकडे जायला सांगतो. लिंच यांचे नसलेले भाग टाकून देण्याच्या हिशेबात हा प्रसंगही जाईल, आणि तो गमावणे मला मान्य नाही.

माझे म्हणणे असे आहे की, मालिकेची उंची दिग्दर्शक कोण यापेक्षा ती लॉरा पामरच्या मृत्यूच्या किती जवळ आहे यावर ठरते. पहिला भाग आठवून पाहावा. आई घरून फोनवर बोलत असते, वडील हॉटेलात फोन धरून उभे असतात, समोरून शेरीफ आत येतो आणि त्याचा चेहरा पाहूनच बापाला कळते. फोन त्याच्या हातातून सुटतो, कॅमेरा त्या वेटोळ्या वायरीवरून सावकाश खाली उतरतो, आणि लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून आईचा आक्रोश ऐकू येत राहतो. त्यानंतर शाळेतला रिकामा बाक दिसतो, खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत अंगण ओलांडून धावत जाते, आणि ध्वनिक्षेपकावरून बातमी सांगताना मुख्याध्यापकांचाच आवाज फुटतो. खुनाच्या तपासाची कथा असूनही पहिल्या तासाभरात तपासापेक्षा रडणेच अधिक आहे. एका गावाने एका मुलीसाठी केलेला इतका मोठा शोक तोवर टीव्हीवरच्या रहस्यकथांत क्वचितच दिसला होता. सुमारे साडेतीन कोटी अमेरिकी प्रेक्षक त्या रात्री टीव्हीसमोर होते, आणि मला वाटते, त्यांना धरून ठेवले ते या शोकाने.

प्रश्न : खुनी लवकर उघड केल्यामुळे मालिका कोसळली, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग वाहिनीला दोष द्यायचा का? की लेखकांकडे पुढे सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते?
– एक वाचक, नाशिक

वाहिनीचा दबाव होता, यात शंका नाही. लॉराच्या खुन्याचे नाव कधी उघडच करायचे नाही, किंवा ते फार दूर ढकलायचे, अशी लिंच यांची इच्छा होती, आणि ते रहस्य म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी होती व ती आमच्याकडून मारवून घेतली गेली, अशी खंत त्यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली. शिवाय दुसरे पर्व शनिवारी रात्री दाखवले जाऊ लागले, म्हणजे ज्या वयाचा प्रेक्षक मालिकेवर जीव टाकत होता तो घराबाहेर असण्याच्या वेळी. १९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्धाच्या बातम्यांमुळेही प्रक्षेपणात खंड पडला. फेब्रुवारीत वाहिनीने मालिका थांबवली, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा मारा करून उरलेले भाग पडद्यावर आणायला भाग पाडले.

तरीही सगळे खापर वाहिनीवर फोडून मोकळे होता येत नाही, आणि इथे माझे अनेक चाहत्यांशी पटत नाही. १० नोव्हेंबर १९९० रोजी खुनी उघड झाला तो भाग संपूर्ण मालिकेतील सर्वांत भेदक भागांपैकी एक आहे. दिवाणखान्यात रेकॉर्ड संपलेली आहे आणि सुई त्याच जागी अडकून टकटक वाजते आहे. आई जमिनीवरून सरपटत येते आणि तिला खोलीत पांढरा घोडा दिसतो. बाप आरशासमोर टाय नीट करतो, आणि आरशातून दुसराच चेहरा त्याच्याकडे पाहून हसतो. मग लॉरासारखीच दिसणारी तिची मावसबहीण मॅडी जिना उतरून येते. दोन्ही भूमिका शेरिल ली यांच्याच असल्यामुळे प्रेक्षकाला लॉराचाच खून दुसऱ्यांदा, आणि या वेळी डोळ्यांसमोर, पाहावा लागतो. रहस्य फुटू नये म्हणून हा प्रसंग तीन वेगवेगळ्या नटांना खुनी म्हणून घेऊन चित्रित केला होता. रहस्य उलगडण्याने मालिका मरत असती, तर ती या रात्री मेली असती; प्रत्यक्षात ती या रात्री कधी नव्हे इतकी जिवंत होती.

घसरण त्यानंतर तीन भागांनी सुरू होते, आणि तिची जागा नेमकी दाखवता येते. लेलंडच्या मृत्यूनंतर त्याच्या घरी गाव जमते. सारा पामरची मुलगी गेली, नवरा गेला, आणि मुलीला मारणारा हाच नवरा होता, हे तिला आत्ताच कळले आहे. अशा घरात, खाण्याच्या टेबलापाशी, दोन म्हातारे भाऊ विनोदी भांडण सुरू करतात आणि मंडळींना त्याची गंमत वाटते. त्यानंतर सारा मालिकेतून जवळजवळ नाहीशीच होते आणि थेट शेवटच्या भागात परत दिसते. लेखकांकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते, हे म्हणूनच मला मान्य नाही. उद्ध्वस्त घरात एकटी उरलेली ती बाई होती, हादरलेले गाव होते, मैत्रिणी होत्या. त्यांच्याकडे पाठ फिरवून मालिका लॉराचा प्रियकर जेम्स याला मोटारसायकलवर बसवून दूरच्या एका श्रीमंत बाईच्या बंगल्यावर मोटार दुरुस्त करायला पाठवते, हॉटेलमालक बेन हॉर्नला स्वतः अमेरिकी यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती असल्याचा भ्रम करवते, आणि नादीन या गावातल्या विवाहित बाईला अचाट ताकद देऊन शाळेच्या कुस्तीच्या संघात भरती करते. यातले एकही उपकथानक लॉराला शिवत नाही. विनोद आधीही होता, विक्षिप्तपणाही होता, पण तेव्हा तो दुःखाच्या शेजारी बसलेला असे. आता शेजार सुटला आणि नुसता विक्षिप्तपणा राहिला.

आपल्याला फारच कंटाळा आला तर जेम्सचे ते चार-पाच भागांतले प्रकरण पळवून पाहावे; काही बिघडत नाही. मात्र शेवटचा भाग कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. लिंच परत आले, लिहून आलेल्या पटकथेचा बराचसा भाग त्यांनी बाजूला ठेवला, आणि कूपरला पुन्हा त्या लाल खोलीत नेऊन लॉरासमोर बसवले. इतके भाग विसरली गेलेली मुलगी परत येते, पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू असे सांगते, आणि मालिकेच्या अंगात पुन्हा धुगधुगी येते.

प्रश्न : बॉब हा दुष्ट आत्मा लेलंडच्या अंगात शिरून हे करवतो, असे दाखवल्यामुळे पोटच्या मुलीवर वर्षानुवर्षे अत्याचार करणारा बाप निर्दोष ठरत नाही का? मला ही गोष्ट फार खटकली.
– एक वाचक, कोल्हापूर

आपल्याला खटकले ते योग्यच आहे, आणि आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बॉबचा जन्म योगायोगाने झाला. फ्रँक सिल्वा हे मालिकेच्या नेपथ्य विभागात काम करत होते. पहिल्या भागाच्या चित्रीकरणात लॉराच्या खोलीतले सामान हलवताना ते खोलीत अडकतील की काय, असे कोणीतरी म्हणाले आणि लिंच यांच्या मनात ते चित्र बसले. पुढे दुसऱ्याच एका दृश्यात, सारा किंचाळत उठून बसते तिथे, आरशात सिल्वा यांचे प्रतिबिंब चुकून उमटले, आणि ते काढून टाकण्याऐवजी लिंच यांनी ठेवून घेतले. म्हणजे ही भीती आधी डोळ्यांना दिसली आणि तिचा अर्थ मागाहून लावला गेला. अर्थ लावताना मालिका डगमगली, हे मान्य करावे लागेल. लेलंडच्या मृत्यूनंतर पोलीस मंडळी जंगलात उभी राहून बॉब म्हणजे काय याची चर्चा करतात, आणि माणसे जे वाईट करतात त्यालाच कदाचित बॉब म्हणायचे, असे त्यांच्यातला एक जण सुचवतो. हे वाक्य चांगले आहे, पण तेवढ्यावर बापाला सोडून देणे मलाही जड जाते.

याचे खरे उत्तर १९९२ च्या ‘फायर वॉक विथ मी’ या चित्रपटात मिळते. त्यात लॉराचे शेवटचे ७ दिवस आहेत. जेवायला बसताना बाप तिचा हात हातात घेतो, नखाखालचा मळ बोटाने दाखवतो, हात धुतले नाहीस म्हणून खालच्या आवाजात तिला छळत राहतो, आणि आई त्याला थांबवू पाहते तरी त्याला थांबवू शकत नाही. या प्रसंगात एकही आत्मा नाही, लाल पडदे नाहीत, विचित्र आवाज नाही; जेवणाचे टेबल आहे आणि घरातली तीन माणसे आहेत. संपूर्ण ‘ट्विन पीक्स’मध्ये मला इतकी भीती दुसरीकडे कुठेच वाटली नाही. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत त्याची निर्भर्त्सना झाली, कारण मालिकेतल्या चेरी-पाय या गोड पदार्थाची आणि कॉफीची गंमत पुन्हा अनुभवायला आलेल्यांना त्याने छळ सोसणाऱ्या मुलीच्या खोलीत नेऊन बसवले. शेरिल ली यांच्या कामाचे मोल लोकांना बऱ्याच वर्षांनी कळले.

प्रश्न : २०१७ चे तिसरे पर्व म्हणजे प्रेक्षकाची चेष्टा आहे. एक माणूस दोन मिनिटे केर काढतो आणि आपण ते पाहत बसायचे?
– एक वाचक, ठाणे

केर काढणे सातव्या भागात आहे, आणि ते दोन मिनिटांहून थोडे अधिकच आहे. आपला राग मी समजू शकतो, कारण हे १८ भाग सगळे लिंच यांनीच दिग्दर्शित केलेले असूनही तेही एकसारखे नाहीत, आणि सांगलीच्या वाचकांच्या दिरांना द्यायला हे आणखी एक उत्तर आहे. बेन हॉर्नची मुलगी ऑड्री हिचे कथानक मला अखेरपर्यंत तुटक वाटले. कूपर तिसऱ्या भागात आपल्या जगात परत येतो, पण भानावर येतो सोळाव्या भागात; मधले सर्व भाग तो इतरांचे शेवटचे शब्द पुटपुटत, हातातली कॉफी घट्ट धरून हिंडतो. ही प्रतीक्षा मला लांबलेली वाटली, तरी निरर्थक वाटली नाही, कारण जुना कूपर जसाच्या तसा परत मिळावा ही आपली अपेक्षाच ते पर्व तपासत होते.

आठवा भाग मात्र वेगळा पाहावा, शक्य असल्यास रात्री, दिवे मालवून. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झालेल्या पहिल्या अणुस्फोटाच्या आत कॅमेरा अक्षरशः शिरतो आणि पेंडेरेत्स्की यांची हिरोशिमाच्या बळींसाठीची तंतुवाद्यांची रचना किंचाळत राहते. घरातले पाप मोठ्या जगातल्या पापाला जोडण्याचा असा प्रयत्न मी टीव्हीवर अन्यत्र पाहिलेला नाही.

प्रश्न : चित्रपट आधी पाहावा की मालिका? आणि शेवटाचा अर्थ काय?
– एक वाचक, पणजी

आधी १९९०-९१ चे ३० भाग, मग चित्रपट, मग २०१७ चे पर्व. चित्रपट खुन्याचे नाव लपवत नाही, आणि लहान मुलांसमोर तो मुळीच लावू नये.

शेवटाचा एकच अर्थ सांगता येईल असे मला वाटत नाही, पण त्यात काय घडते ते नीट पाहावे. कूपर भूतकाळात जाऊन खुनाच्या रात्री लॉराचा हात धरतो आणि तिला घरी न्यायला निघतो. त्यामुळे पहिल्या भागात किनाऱ्यावर सापडलेले प्रेत तिथून नाहीसे होते. मग तिच्याच चेहऱ्याची, पण स्वतःला लॉरा न म्हणणारी एक बाई त्याला दूरच्या गावात सापडते. तो तिला रात्रभर मोटार चालवत पामरांच्या घरी आणतो. दार उघडणारी स्त्री अनोळखी असते, पामर हे नावही तिने ऐकलेले नसते. दोघे रस्त्यावर परत येतात, आणि हे कोणते वर्ष आहे, असे कूपर गोंधळून विचारतो. तेवढ्यात घरातून कुठूनतरी, फार लांबून, एक आई आपल्या मुलीला हाक मारते, आणि ती हाक ऐकून ती बाई किंचाळते. घरातले सगळे दिवे जातात.