आधी मोठ्याने वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ज्यू-इटालियनचा, म्हणजे इटलीतले ज्यू हिब्रू अक्षरांत लिहीत त्या इटालियनचा, अभ्यास हिब्रू व्याकरणापासून सुरू करू का, असं विचारतेस. मी म्हणेन, नको. अक्षरं महिनाभरात हातात बसतील. वेळ लागेल तो मध्य आणि दक्षिण इटलीच्या जुन्या बोलींना, कारण लिपी हिब्रू असली तरी भाषा त्या मातीतली आहे.

सुरुवातीचा पुरावा सापडतो तो हस्तलिखितांच्या समासात. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाचं 11व्या शतकातलं एक हस्तलिखित इटलीतल्या पार्मामध्ये आहे. त्यात अडणाऱ्या हिब्रू शब्दांशेजारी कुणीतरी सालेंतोच्या, म्हणजे इटलीच्या टाचेकडच्या, बोलीत अर्थ टिपून ठेवलेत. शेतीचे, झाडपाल्याचे शब्द त्यात पुष्कळ. रोमच्या नाथान बेन येहिएलने 1101मध्ये पुऱ्या केलेल्या 'आरुख' या कोशातही, म्हणजे तालमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या शब्दांच्या कोशातही, असे बोलीतले शब्द विखुरलेले आहेत. शिष्य अडला की गुरू घरच्या भाषेत सांगतो, तसेच ते वाटतात मला.

मग विलापगीताकडे वळ. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनी, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, म्हणायचं हे काव्य. उंबेर्तो कास्सुतो या इटालियन ज्यू विद्वानांनी 1929मध्ये ते अभ्यासकांसमोर आणलं. इटालियनमधल्या अगदी आरंभीच्या कवितांत त्याची गणना होते. गुलाम म्हणून विकले गेलेले बहीणभाऊ एका खोलीत कोंडले जातात आणि रडता रडता एकमेकांना ओळखतात, तो भाग कितीही वेळा वाचला तरी माझा आवाज बसतो.

त्याची पहिलीच ओळ बघ: 'ला येंती दे सियोन प्लांजे ए लुत्ता'. सियोनचे, म्हणजे जेरुसलेमचे, लोक रडतात, शोक करतात. आजच्या इटालियनमध्ये 'जेंते' आणि 'प्यांजे' म्हणतील. तुझा हात आपोआप तिकडे वळेल. वळू देऊ नकोस. 'येंती'तला य आणि 'प्लांजे'तला ल पुसलास, तर ज्यासाठी हा मजकूर मोलाचा आहे तेच हरवेल.

तू मोडी वाचतेस, याचा इथे खरा उपयोग आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ वेगळे दिसत नाहीत. वाचणारा मराठी जाणतो म्हणून निभावतं. इथे 'योद' हे एकच अक्षर इ आणि ए दोन्हींसाठी येतं, 'वाव' उ आणि ओ दोन्हींसाठी. म्हणून अक्षरांबरोबरची स्वरचिन्हं भिंग लावून पाहा. जिथे ती नसतील तिथे दोन्ही वाचनं लिहून ठेव, घाईने एक निवडू नकोस.

आणखी एक. 1555नंतर रोमच्या ज्यूंना गेट्टोत, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं गेलं. तिथल्या बोलीत 'दब्बेरारे', बोलणे, असे हिब्रू धातूला इटालियन प्रत्यय लावलेले शब्द भेटतात. ते गोड आहेत, लोक त्यांवरच भाळतात. पण जुन्या प्रार्थनांच्या अनुवादांत असली सरमिसळ शोधू नकोस. हिब्रू न कळणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, प्रार्थना समजावी म्हणून ते केलेले. हिब्रू शब्द ठेवून कसं चालेल?

व्हेनिसमध्ये 1609 साली हाग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली, तेव्हा इटालियन अनुवादही हिब्रू अक्षरांतच होता. आपल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी ज्यूंनी, 1874मध्ये पुण्यात छापली तिच्यातला अनुवाद मराठीत, देवनागरीत. हा फरक का, यावर पुढे सविस्तर बोलू.

तूर्त विलापगीताच्या पहिल्या दहा ओळी पेन्सिलीने देवनागरीत उतरव, मोठ्याने वाच आणि मला पाठव. खाडाखोड तशीच राहू दे; तू कुठे अडलीस ते मला बघायचंय.

तुझे,
सर