आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तिलापिया मासा माजला आहे. गवत्या (ग्रास कार्प मासा) सोडून पाण्यातला झाडोरा साफ केला तर गावरान मासे परत येतील का?

नाही. उलट होईल.

मी ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची, लग्न होऊनही ढिवराच्याच घरात आले, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या मच्छीमार संस्थेची एक सभा आठवली. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, तेव्हा संस्थेच्या कमिटीत होते. तलावात सोडायला माशांचं बीज (पिलं) कोणतं घ्यायचं यावर बोलणं चाललं होतं आणि ते हेच म्हणाले, तलावात गवत लय झालं, गवत्या अन् सायप्रिनस टाकू, तलावही साफ होते अन् वजनही भेटते.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर पदर खाली घेत नाही, सभेत बोलणं तर लांबच. मी बोलले. म्हटलं, गवत सारं खाल्लं तर मरळ अंडी कोठी घालन? दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग भासरे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बायाइनं मासे इकावं, तलाव आमी पाहतो."

त्यांनी पाहिला. गवत्या मोठा होताना दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाएवढं गवत खातो. सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखलात तोंड खुपसून मुळं उकरतो. पहिल्या वर्षी वजन खरंच चांगलं आलं, मिठाई वाटली होती. त्यानंतर तळाशी काही उरलंच नाही आणि भर हिवाळ्यातही पाणी चहासारखं गढूळ राहायला लागलं. मरळ गवताच्या आडोशाला घर करते, पिलांची राखण करते. आडोसाच गेला. शिंगी, मागूर, वाम सगळंच कमी होत गेलं. आणि तिलापिया? त्याला उघडा तळच लागतो. नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी तोंडात धरून फिरते. त्याला गवताची गरजच नाही. तुम्ही झाडोरा काढणार म्हणजे त्याच्यासाठी अंगण सारवून देणार.

तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला आणि 1959 मध्येच तो तलावांत सोडू नये असं ठरलं. म्हणजे शहाण्या माणसांना सात वर्षांत कळलं. आमच्याकडे अजून कळायचं आहे. थाई मागूर म्हणून जो विकतात त्याच्यावरही 2000 सालापासून बंदी आहे, तरी बाजारात टबच्या टब दिसतात. आपला मागूर वीतभर, फार तर हातभर. तो आफ्रिकेतला राक्षस दिसेल ते खातो. तो कोणी 'गावरान बीज' म्हणून आणला तर गाडी तशीच परत पाठवा.

पैशाचं बोलते, कारण भासरे नेहमी तिथेच येतात. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या मोठ्या नदीचे मासे, साचलेल्या तलावात अंडी देत नाहीत. 1957 मध्ये ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांचं बीज काढायची रीत निघाली, तेव्हापासून गावोगावच्या संस्था दरवर्षी बीज विकत घेतात. मेलं तर पुन्हा घ्या. मरळ, शिंगी, मागूर, बोद यांना तलावात इंजेक्शन लागत नाही. पहिला जोराचा पाऊस पडला की सलंगावरून (तलावाच्या सांडव्यावरून), पाटातून धानाच्या बांध्यांत चढतात आणि पिलावळ करतात. बीज फुकट. आणि बाजारात मरळीला रोहूच्या दुपटीहून जास्त भाव मिळतो. विकायला मी बसते, मला माहीत आहे.

आमच्या बायांच्या गटाने पुढे तलाव घेतला ती गोष्ट लांबलचक आहे. थोडक्यात: रोजगार हमीत बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, मे महिन्यात कोरड्या भागात नांगर फिरवला, आणि दुसऱ्या बोडीतून (लहान तळ्यातून) हायड्रिला, व्हॅलिसनेरिया ही पाण्याखालची गवतं आणि देवधान (रानटी भात) आणून लावलं. कोवळी झाडं गुरांपासून आणि उरलेल्या गवत्यापासून वाचवायला बांबू आणि जुन्या जाळ्याचं कुंपण केलं. पहिल्या पुराच्या दिवसांत सलंगावर जाळं लावायचं नाही असा ठराव केला. हे सगळ्यात जड गेलं, कारण पोटात अंडी असलेला मासा तेव्हा हातानेही धरता येतो आणि घरच्याच माणसांना नाही म्हणावं लागतं.

आता तिलापिया. उन्हाळ्यात पाणी उतरलं की डबकी-डबकी राहतात, तेव्हा बारीक आसाचं जाळं ओढून जेवढा निघेल तेवढा काढा, सुकवा, विका, खा. पूर्ण निघणार नाही. मरळ वाढली की ती त्याची पिलं खाते, खरा आवर तोच. मोहाची ढेप टाका असं कोणी सांगेल. हेक्टरी 2,500 किलो लागते आणि ती सगळ्याच माशांना मारते. लहान संगोपन तळ्याला ठीक, गावच्या तलावाला नको. कीटकनाशक टाकणाऱ्याला तर मी पोलिसांकडेच देईन.

हो, एक राहिलं. मरळ रोहूची बोटुकलीही (बोटाएवढी पिलं) खाते, त्यामुळे दोन्ही हवे असतील तर रोहूचं मोठं बीजच टाका. गवत्या मुळात वाईट मासा नाही, शेतातल्या बंदिस्त तळ्यात खुशाल पाळा. झाडोरा म्हणजे जलपर्णी किंवा बेशरम असेल तर ती काढायलाच हवी, मी म्हणते ते पाण्याखालच्या गवताबद्दल. आणि तलाव जिल्हा परिषदेचा असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव आणि परवानगी घ्या, नाहीतर लावलेलं गवत पुढचा ठेकेदार काढून टाकेल.

आम्ही गवत लावल्यावर मरळ परत आली, पण भासरे अजून म्हणतात की त्या वर्षी पाऊस चांगला होता म्हणून आली. पाऊस त्याच्या आधीच्या वर्षीही चांगलाच होता.