नॅनोव्हीएनए आणि टायनीएसए घेऊन काम भागतं का, की लॅबचंच मशीन लागतं?

तुम्ही विचारलंय की डिप्लोमा झालाय, रेडिओ रिपेअरचं काम सुरू करायचंय, पाच-सहा हजारांचा नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं हातात मावणारं यंत्र) घेतला तर चालेल का, कारण कॉलेजात सर सांगायचे की ही खेळणी आहेत, खरं मोजमाप लाखांच्या मशीनवरच होतं. मी रत्नागिरीला मच्छीमार बोटींवरचे वायरलेस सेट दुरुस्त करतो, मिरकरवाड्यात जास्त, कधी हर्णै, कधी साखरी नाटे. सरांचं चूक नाही, पण त्यांनी बहुतेक होडीवर चढून डोलकाठीवरची अँटेना कधी मोजली नसणार.

आधी एक किस्सा सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. दोन वर्षांपूर्वी बंदीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात (१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते हे तुम्हाला माहीत असेलच) एका ट्रॉलरच्या तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) बोलावलं. म्हणाला, भाऊ, सेट नवा हाय, बाजूच्या बोटीला आवाज जातो पण जरा लांब गेलं की सोळा नंबरच्या चॅनलवर कोण ऐकतच नाय. मी नॅनो लावला, १५६.८ मेगाहर्ट्झला (हेच ते सोळा नंबरचं चॅनल) एसडब्ल्यूआर १.२ (किती सिग्नल परत फिरतो त्याचा आकडा, एकच्या जितका जवळ तितका चांगला). एकदम झकास आकडा. मला वाटलं अँटेना ओके, सेटच गंडलाय, सेट काढून दुकानात आणला, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर पचवणारा रेझिस्टर) बघतो तर पुरे २५ वॉट. परत बोटीवर. मग डोकं चाललं आणि पोराला डोलकाठीवर चढवून अँटेनाच काढायला लावली, वरचं टोक मोकळं, आणि खाली नॅनो दाखवतोय १.३! आता अँटेनाच नाही तर १.३ कसा येईल? येतो, केबल पाणी प्यायली असेल तर येतो.

गणित सोपं आहे. आरजी-५८ केबल चांगली असेल तर या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरला साधारण २० डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला त्याचं माप) खाते, म्हणजे १२ मीटरला अडीचच्या आतबाहेर. टोक मोकळं सोडलं की सिग्नल जाऊन परत येतो, दोनदा घट, म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती घटला ते) पाचेक डीबी दिसायला हवा, एसडब्ल्यूआर चारच्या आसपास. मला दिसला १.३, म्हणजे १८ डीबी. म्हणजे एका फेरीला ९ डीबी केबलच गिळत होती, सेटमधून २५ वॉट निघून वर अँटेनाला जेमतेम ३ वॉट. बाकीचे सगळे वॉट केबल तापवण्यात. केबल कापली तर आतली जाळी काळी-हिरवी, नखाने भुगा पडत होता.

ती केबल मी फेकली नाही. ओळखीचे एक सर इंजिनिअरिंग कॉलेजला आहेत, त्यांच्या लॅबमध्ये मोठा बेंचवरचा व्हीएनए आहे (जुना एचपी, पुढे तीच कंपनी आधी एजिलेंट झाली मग कीसाइट), तिथे घेऊन गेलो. दोन्ही टोकं लावून मोजलं. नॅनो म्हणाला ८.९ डीबी घट, मोठा म्हणाला ९.१. सर थोडे हिरमुसले असं मला वाटलं. आणि अँटेना काढून खालून मोजली असती तर मोठ्या मशीननेही तोच १.३ दाखवला असता हो, आकडा बरोबरच होता, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

पण थांबा, तुमचे सर कुठे बरोबर आहेत तेही सांगतो. त्याच दिवशी हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) रिपीटरचा एक कॅव्हिटी डुप्लेक्सर तिथे पडला होता (एक फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा आणि दुसरी खोल खड्ड्यासारखी अडवणारा फिल्टर), तो लावला. नॅनोवर खड्डा ६५-७० डीबीपर्यंत गेला आणि तळाला नुसतं नॉइजचं गवत, मोठ्या मशीनवर तोच खड्डा ८० च्या खाली स्वच्छ दिसला. नॅनोची ऐकायची ताकदच तिथे संपते. ३०० मेगाहर्ट्झपर्यंत सत्तरच्या आसपास धरा, त्याच्या वर आणखी कमी, कारण आतली एसआय५३५१ चिप मुळात तेवढं वर जात नाही, मग तिच्या चौकोनी लहरीतली तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट असलेला भाग) वापरून ९०० पर्यंत खेचतात. ही आयडिया एका जपानी हॅमची, एडी५५५ नावाने तो ओळखला जातो, साधे स्वस्त मिक्सर, एक ऑडिओचा कोडेक आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर घेऊन त्याने व्हीएनए बनवला, मग २०१९ पासून चिनी बनावटीचे ढिगाने यायला लागले. मला तर हे बघून अजून नवल वाटतं, आवाजासाठी बनवलेली चिप आणि त्यावर लोक अँटेना मोजतायत.

दुसरा फरक, नॅनो एकाच बाजूने सिग्नल सोडतो. दोन तोंडांच्या वस्तूची उलटी बाजू बघायची तर वस्तू हाताने उलटी करून परत मोजा. मोठं मशीन आतल्या आत दिशा बदलतं आणि दोन्ही बाजूंच्या चुका एकत्र धरून हिशोब करतं. फिल्टर, अँप्लिफायर डिझाइन करणाऱ्याला हे लागतंच. अँटेना-केबलवाल्याला वर्षातून एकदा.

केबल कुठे खराब झाली हे शोधायला नॅनोचा टीडीआर (बिघाड किती मीटरवर आहे ते दाखवणारी सोय) वापरा, पण एक खोच आहे जी व्हिडिओत कोणी धड सांगत नाही. जुना नॅनो एका वेळी १०१ पॉइंटवरच मोजतो. स्पॅन (मोजायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) ९०० मेगाहर्ट्झ ठेवला तर दोन पॉइंटमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं, आणि मग साध्या पॉलिथिलीनच्या केबलवर (सिग्नलचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट) अकरा मीटरच्या पुढचं दिसतच नाही, पुढचा बिघाड गुंडाळून भलत्याच जागी दाखवतो. स्पॅन ३०० वर आणला की तेहतीस मीटरपर्यंत दिसतं, बदल्यात बारकावा ११ सेंटीमीटरवरून ३३ वर जातो. बोटीला ३०० च ठेवा. मी सुरुवातीला ९०० ठेवून एका लाँचच्या केबिनचं लाकडी पॅनल उगाच उघडलं होतं, मालकाने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता टायनीएसए. हा स्पेक्ट्रम बघायला, म्हणजे सेट कोणकोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल सोडतो ते, एरिक कासहुक नावाच्या डच हौशी माणसाने केला, २०२० मध्ये आला. साधा वाला खालच्या इनपुटवर ३५० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. सेटची दुसरी हार्मोनिक (१५६.८ ची दुप्पट) ३१३.६ ला पडते ती बघायला पुरतो. पण त्याच्या तोंडात जास्तीत जास्त १० मिलिवॉट घालायचे, आणि तुमचा सेट सोडतो २५ वॉट, म्हणजे अडीच हजारपट! थेट लावून पीटीटी (सेटचं बोलायचं बटण) दाबली की तिथेच खलास. पहिला मी असाच घालवला, धूर पण आला नाही, नुसता बहिरा झाला. मध्ये ५० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लागतो, आणि तो बोटभर लांबीचा २ वॉटवाला नव्हे, सेटची पॉवर पचवणारा. नाहीतर सेट डमी लोडवर ठेवा आणि टायनीला वायरचा तुकडा लावून हातभर लांबून हुंगवा, नुसतं आहे-नाही कळायला तेवढं बास. आणि टेस्टिंग सोळावर करू नका, डमी लोड असला तरी नको, ते चॅनल संकटात हाक मारायचं आहे.

हार्मोनिक दिसली म्हणून सेटला लगेच दोष देऊ नका. स्वस्त यंत्र जास्त सिग्नलने स्वतःच हार्मोनिक तयार करतं. बाहेरून आणखी १० डीबी अटेन्युएशन घाला, दुसरी हार्मोनिक १० ने उतरली तर ती सेटची, २० ने कोसळली तर ती यंत्राची. लॅबच्या अनालायझरलाही हीच परीक्षा लावतात, फक्त तो एवढ्या लवकर गडबडत नाही. सेटचा कॅरिअरच्या (मूळ सिग्नलच्या) अगदी जवळचा नॉइज, शेजारच्या चॅनलमध्ये किती सांडतंय, हे मात्र टायनीवर अंदाजापलीकडे मोजायला जाऊ नका.

आणि कागद. एखाद्या टेंडरला किंवा तपासणीला मोजमाप द्यायचं असेल तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलेलं यंत्र लागतं, ज्याची साखळी वर दिल्लीच्या एनपीएलपर्यंत (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत) जाते. तिथे नॅनो कितीही बरोबर असला तरी त्याला कोणी विचारत नाही. अशी कामं आली तर दिवसाच्या भाड्याने किंवा कॉलेजात जाऊन करा, विकत घेऊ नका.

माझ्या अनुभवात खरी चूक मशीनपेक्षा आपल्या हातून जास्त होते. ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन (सोबतचे तीन तुकडे आळीपाळीने लावून यंत्र जुळवणं) न करता मोजणं, केलं तर ते यंत्राच्या तोंडाशी करून मग पुढे मीटरभर पिगटेल (जोडकेबल) आणि पीएल-२५९ कनेक्टरचा अडॅप्टर जोडणं, मोजताना अँटेनाला हात लावणं, शेजारची बोट वायरलेसवर बोलत असताना मोजणं (यात इनपुट जळूही शकतो). लॅबमधले लोक अर्धा तास मशीन तापवतात, कनेक्टर टॉर्क पान्याने आवळतात, म्हणून त्यांचे आकडे दुसऱ्या दिवशीही तेच येतात. तेवढी शिस्त नॅनोला लावलीत तर बंदरावरचं नव्वद टक्के काम होतं, हा आकडा माझ्या अंदाजाचा.

तर आत्ता नॅनो घ्या, सोबत चांगला डमी लोड आणि पॉवरमीटर, टायनी सहा महिन्यांनी. ऑनलाइन घेताना अगदी सगळ्यात स्वस्त घेऊ नका, काही नकलांमध्ये आत शील्डिंगचा पत्राच नसतो. आणि घेतल्या घेतल्या त्याच्या एसएमए तोंडावर (छोट्या स्क्रूच्या कनेक्टरवर) एक छोटा अडॅप्टर कायमचा बसवून टाका, झिजला तर तो बदलता येतो. आपल्या खाऱ्या हवेत तोंड हिरवं पडायला एक पावसाळा पुरतो, मी माझा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, बायको त्याला नाचणीच्या पापडांचा डबा समजून दोनदा उघडून बसलीय.