वाचकांचे प्रश्न : लष्करात अधिकारीच का व्हायचंय?

प्रश्न : एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी पास झालोय, आता भोपाळला एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत आहे. ‘सैन्यात का यायचंय?’ याचं देशसेवेचं उत्तर क्लासमध्ये पाठ करून घेतलंय. माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत. खरं सांगायचं तर मला पगार आणि मान दोन्ही हवेत. तसं बोललो तर बाद करतील का?
– विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : त्यावरून कोणी बाद करत नाही. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण कारण तेवढंच असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग बँकेत का नाही?’ इथे बहुतेक मुलं गडबडतात, कारण अधिकाऱ्याचं काम नेमकं काय, याची त्यांनी चौकशीच केलेली नसते. विशी ओलांडते न ओलांडते तोच तीसेक जवानांची प्लाटून हाताखाली येते. त्यात वयानं मोठे, अनुभवी हवालदार असतात. त्यांच्या रजा, घरच्या अडचणी, शिस्त सगळं बघायचं आणि दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं. हे माहीत असूनही हवंय, असं म्हणता आलं की पगाराचं कारण खटकत नाही.

पाठ केलेलं उत्तर फसतं ते चाचण्यांच्या रचनेमुळे. शब्दचाचणीत शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायचं : 60 शब्द असतात, प्रत्येकाला 15 सेकंद. प्रसंगचाचणीत दिलेल्या प्रसंगी काय कराल ते लिहायचं : 30 मिनिटांत 60 प्रसंग. चित्रावरच्या गोष्टीला चार मिनिटं. या वेगात सोंग टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ, गट चाचणी घेणारा आणि मुलाखत घेणारा असे तिघं तुम्हाला वेगवेगळे जोखतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये एकत्र बसतात. तिघांना तीन वेगळी मुलं दिसली, तर तिथेच अडतं.

खरी तयारी पीआयक्यू फॉर्मवर, म्हणजे एसएसबीत भरायच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मवर करा. शिक्षण, गुण, घरचं उत्पन्न, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या असं सगळं त्यात भरायचं असतं आणि मुलाखत त्यावरच फिरते. ‘नेतृत्वाची आवड’ असं मोघम लिहू नका. मंडळाचं लेझीम पथक सांभाळलं असेल तर ते लिहा. मग विचारतील : पथकात किती जण होते? सराव किती वाजता? परीक्षेच्या दिवसांत पोरं यायची बंद झाली तेव्हा काय केलंत? वर्गणीचा हिशोब कोणाकडे होता? खरंच केलेला माणूस यावर पाच मिनिटं बोलतो, न केलेला दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतो. जॉबरच्या मुलाला माग का बंद पडतो, हेही सांगता आलं पाहिजे. वडिलांच्या कामाबद्दल हमखास विचारतात, आणि लाजून उडवून लावलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं.

पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी यांचं नाव प्रेरणा म्हणून घेणार असाल, तर ते तोफखान्याचे अधिकारी होते आणि नोव्हेंबर 2016 मध्ये नगरोट्याला हुतात्मा झाले, एवढं तरी माहीत हवं. नुसतं नाव घेऊन गप्प बसणं बरं दिसत नाही.

आणि खासगी क्लासला पैसे भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. लेखी पास झालेल्या मुलांसाठी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीचा कोर्स असतो. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत.

प्रश्न : मुलगी अकरावी कला शाखेत आहे. वर्दीचं वेड आहे तिला. एनडीए जमेल का?
– आई, जुळे सोलापूर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा देता येते आणि भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाईदल-नौदलाला मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागतं. कला शाखेची मुलं अडखळतात ती गणिताच्या पेपरला : 300 गुण, 120 प्रश्न, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग कापला जातो. सामान्य क्षमतेच्या 600 गुणांच्या पेपरात कितीही चमकलं तरी गणितात किमान गुण हवेतच. त्यामुळे बारावी संपायची वाट न बघता अकरावीचं गणित आत्ताच हातात घ्या. वर्दीचं वेड वाईट नाही, सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. पण पहाटे उठून पळायला ती स्वतःहून जाते, की तुम्हाला उठवावं लागतं, ते महिनाभर बघा.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय 20. एनडीएचं वय गेलं. आता काय?
– होटगी रोड

उत्तर : पदवीनंतर सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची सैन्यदल अधिकारी परीक्षा आहेच. कॉलेजात एनसीसी असेल तर ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत काढा. पदवीला 50 टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीसाठी अर्ज करता येतो. गुणांवरून आधी चाळणी लागते, म्हणून 50 वर समाधान मानू नका.