मुलावर पहिल्या बायकोला मारहाणीची केस होती का, हे लग्नाआधी तपासायला सरकारी यादी आहे का?

नाही. घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेल्यांची, कोणालाही उघडून बघता येईल अशी यादी भारतात नाही.

तुम्ही लिहिलंय की ताईला मुलुंडचं स्थळ सांगून आलंय, मुलगा घटस्फोटित आहे, आणि ‘पटलं नाही, समजुतीने वेगळे झालो’ यापलीकडे ती मंडळी ताकास तूर लागू देत नाहीत. अमेरिकेत मारकुट्या नवऱ्यांची यादी नेटवर मिळते म्हणे, मग आपल्याकडे का नाही, हाही तुमचा प्रश्न आहे. मी मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत आणि वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात रोज हीच कामं करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलंय ते टेनेसी या एका राज्याबद्दल. तिथे सवाना पकेट नावाच्या पोलीस खात्यातल्या तरुणीचा २०२२ मध्ये तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला. तिच्या नावाने कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून यादी सुरू झाली. तीसुद्धा पुन्हापुन्हा दोषी ठरणाऱ्यांचीच. पहिल्यांदा सापडलेल्याचं नाव त्यात येत नाही.

मला स्वतःला ब्रिटनची पद्धत जास्त पटते. २००९ मध्ये सॅलफर्डला क्लेअर वुड ही बाई पूर्वीच्या जोडीदाराच्या हातून मारली गेली. आधीच्या बायकांशी तो कसा वागला होता याची पोलिसांकडे नोंद होती, तिला मात्र पत्ता नव्हता. मार्च २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणीही पोलिसांकडे जाऊन ‘या माणसाचा इतिहास काय’ असं विचारू शकतं. पोलीस छाननी करतात, आणि धोका वाटला तर जिला धोका आहे तिला माहिती देतात, तीही गुप्त ठेवायच्या अटीवर. चव्हाट्यावर काही लागत नाही. विचारायचा हक्क मिळतो, आणि तुमच्या ताईला नेमका तोच हवा आहे.

आपल्याकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, आणि नवऱ्याने केलेली मारहाण त्यात बसत नाही.

आता समजा, उद्या सरकारने यादी काढलीच. मी खात्रीने सांगते, तुम्हाला ज्यांची नावं हवीत ती त्यात नसतील.

कारण यादी शिक्षा झालेल्यांची असणार आणि आपल्याकडे शिक्षेपर्यंत प्रकरण पोचतच नाही. लोक ज्याला ‘डीव्ही टाकली’ म्हणतात तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा (डोमेस्टिक व्हायोलन्स, म्हणून डीव्ही) कायदा मुळात बाईला संरक्षण, घरात राहायचा हक्क आणि पोटगी मिळवून देण्यासाठी आहे. त्यात नवरा आरोपी नसतो, सामनेवाला असतो. त्याने बायकोला मारलं असं मॅजिस्ट्रेटने निकालात लिहिलं तरी ती ‘शिक्षा’ नव्हे. संरक्षणाचा आदेश त्याने मोडला तरच कलम ३१ खाली गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरा रस्ता चारशे अठ्ठ्याण्णव अ (४९८अ), म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं फौजदारी कलम. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, पण कोर्टाच्या आवारात अजून जुनाच आकडा चालतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं होतं की या कलमाखाली दोषी ठरण्याचं प्रमाण फक्त १५ टक्के आहे. त्यावरून ‘बायका खोट्या केसेस टाकतात’ असं म्हणायला लोक टपलेले असतात. काही केसेस फुगवलेल्या असतात, नाही म्हणत नाही. पण माझ्यासमोर जे घडतं ते बहुतेक वेळा वेगळंच असतं. चार-पाच वर्षं तारखांना येऊन बाई थकते, तिला घटस्फोट हवा असतो, दागिने परत हवे असतात, मुलाच्या फीचे पैसे हवे असतात. मग तडजोड होते. हा गुन्हा खालच्या कोर्टात परस्पर मागे घेता येत नाही, म्हणून दोघं उच्च न्यायालयात जातात, ती ना-हरकत प्रतिज्ञापत्र देते आणि गुन्हा रद्द होतो. वकिलांच्या भाषेत क्वॅशिंग. ठरलेल्या रकमेचा शेवटचा डीडी बरेचदा त्याच दिवशी तिच्या हातात पडतो. हाडं मोडलेली असोत वा नसोत, कागदावर माणूस धुतल्या तांदळासारखा.

आणि यादी आली तर ही तडजोड आणखी लवकर होईल. आत्ताच नवरा सरकारी नोकरीत असला तर बायका फिर्याद द्यायला कचरतात, कारण ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की तो निलंबित. ‘मॅडम, त्याची नोकरी गेली तर पोटगी कशातून देणार?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, तरी त्याला तयार उत्तर माझ्याकडे नाही. त्यात नाव, फोटो, पत्ता जगजाहीर होणार म्हटल्यावर सासर, माहेर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे मिळून तिलाच गप्प बसवतील. शिवाय चाळीत त्याचं नाव लागलं म्हणजे तिचं आणि शाळेत जाणाऱ्या पोरांचंही लागलंच.

असो. तुमच्या कामाचं बोलते.

ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर किंवा अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, फुकट. नावाबरोबर वर्ष टाकावं लागतं, म्हणून लग्नाच्या वर्षापासून घटस्फोटाच्या वर्षापर्यंत एकेक वर्ष घ्या, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही बघा. स्पेलिंग बदलून बघा, सावंत डब्ल्यूनेही लिहितात आणि व्हीनेही. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय कोणावर शिक्का मारू नका, एका नावाची चार माणसं एकट्या मुलुंडमध्ये निघतील. आणि लोक चुकतात ते इथे: फक्त मुंबईत शोधतात. डीव्हीचा अर्ज बाई जिथे तात्पुरती राहते तिथेही करू शकते, आणि २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ४९८अ ची फिर्यादही माहेरच्या गावी चालते. पहिल्या सुनेचं माहेर कराडचं असेल तर सातारा जिल्हा उघडा.

त्याहून महत्त्वाचं, घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, मागा. प्रमाणित प्रत, संमतीच्या अटींसकट. ‘विश्वास नाही का आमच्यावर’ असं म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्या लग्नाची नोंदणी करताना तो कागद लागतोच, तेव्हा घरात असणारच. मुंबईत या अटी बहुधा इंग्रजीत टाइप केलेल्या असतात. पैशांचं कलम झालं की पुढची कलमं वाचा. पत्नीने दाखल केलेला गुन्हा रद्द करायला ती संमती देईल, डीव्हीचा अर्ज मागे घेईल, असं काही असेल तर नंबरही तिथेच असतो. पोलीस ठाणं, साल, सगळं. तो नंबर घेऊन मूळ फिर्यादीत काय होतं ते मुलालाच विचारायचं. एवढ्यावरून तो मारत होता हे सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. पण ‘पटलं नाही’ म्हणणाऱ्याने गुन्हा नोंदला गेल्याचं लपवलं, हे मात्र सिद्ध होतं, आणि माझ्या मते नकार द्यायला तेवढं पुरे.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र तुम्हाला काढता येणार नाही, ते ज्याचं त्यालाच मिळतं. तो आपणहून दाखवत असेल तर बघा, पण मिटलेलं प्रकरण त्यात दिसेलच असं नाही.

पहिल्या बायकोला विचारावं का? एखाद्या समजूतदार नातेवाईक बाईकरवी, एकदाच. ती बोलली नाही तर पिच्छा पुरवू नका. एकमेकांविरुद्ध कुठे काही बोलायचं नाही अशी अट कित्येकदा त्याच कागदात असते, तेव्हा तिच्या गप्प बसण्यातून अर्थ काढत बसू नका. आणि काहीही हाती लागलं तरी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. अब्रूनुकसानीचा दावा तुमच्यावर होईल, शिवाय त्या बाईचं नाव पुन्हा गावभर.

लग्न झालंच तर ताईच्या फोनमध्ये १०३ आणि १८१ हे महिलांसाठीचे मदतीचे नंबर असू देत. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधलं, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीचं दिलासा केंद्रही तिला माहीत असू दे. केस करायची नसली तरी तिथे नुसतं बोलायला जाता येतं.

हुकूमनामा मिळाला आणि एखादं कलम कळलं नाही, तर सगळ्यांची नावं झाकून तेवढाच परिच्छेद खाली टाका. वाचून सांगते.